गुडघ्याखालची उशी काढा

गुडघा बदलून पेशंट घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "किती वाकतो आता?" नव्वद झाला का, शंभर झाला का, मांडी घालता येणार का. "सरळ किती होतो?" हा प्रश्न सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. आणि आत पलंगावर, त्याच गुडघ्याखाली, घरच्यांनी मायेने एक मऊ उशी सरकवलेली असते.

ती उशी आधी काढा. का काढायची, तिच्याऐवजी काय करायचं आणि पहिल्या बारा आठवड्यांत ठाण्यातल्या आपल्या घरांत, जिन्यांवर, रिक्षांत नेमकं काय बिघडतं, ते इथे लिहिते आहे. हे सगळं पूर्ण गुडघेबदलाबद्दल, म्हणजे टोटल नी रिप्लेसमेंटबद्दल आहे. खुबा बदलला असेल, फ्रॅक्चरला प्लेट घातली असेल किंवा लिगामेंटचं ऑपरेशन झालं असेल तर नियम वेगळे असतात. शेजारच्या काकूंच्या व्यायामाचा कागद बघून ते करू नका. तुमच्या सर्जननी काही खास बंधन घातलं असेल तर तेच आधी पाळायचं.

सुजलेला गुडघा वाकलेलाच का राहतो

ऑपरेशननंतर सांध्यात रक्त आणि पाणी साठतं. सांध्याभोवतीच्या पिशवीत सगळ्यात जास्त जागा असते ती गुडघा साधारण ३० अंश वाकलेला असताना. तिथे आतला दाब सगळ्यात कमी, म्हणून दुखणंही कमी. पेशंटला उशी हवीशी वाटते ती त्यामुळे. त्यात नखरे नसतात. पण दिवसाचे सोळा-अठरा तास गुडघा त्याच स्थितीत राहिला की मागची पिशवी त्याच लांबीवर भरून येते, मांडीमागचे स्नायू आखडतात आणि आत तयार होणारा नवा तंतुमय भाग तो आकार पक्का करतो. तीन आठवड्यांनी उशी काढली तरी गुडघा उशी असल्यासारखाच राहतो.

दहा-पंधरा अंश कमी सरळ झाला तर काय मोठंसं बिघडलं, असं वाटू शकतं. बराच फरक पडतो. गुडघा पूर्ण सरळ असताना उभं राहिलं की शरीराचा भार सांध्याच्या किंचित पुढून खाली उतरतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला विश्रांती मिळते. म्हणूनच आपण भाजीच्या रांगेत वीस मिनिटं उभे राहू शकतो. गुडघा वाकलेला राहिला तर तोच स्नायू उभं असताना प्रत्येक क्षणी काम करतो. शिवाय तो पाय आखूड झाल्यासारखा होतो, चाल लंगडी होते, कंबर धरते आणि दुसऱ्या गुडघ्यावर, जो बहुतेक वेळा आधीच झिजलेला असतो, जास्त भार येतो. गुडघा ११० अंश वाकतो पण शेवटचे १५ अंश सरळ होत नाही, अशा पेशंटपेक्षा ९५ अंश वाकणारा आणि शून्यावर, म्हणजे पूर्ण सरळ होणारा पेशंट कितीतरी सुखाने चालतो.

आणखी एक गोष्ट आहे जी घरच्यांना कोणी सांगत नाही. वाकणं सहा महिने, कधी वर्षभरही हळूहळू सुधारत राहतं. सरळपणाला मात्र मुदत कमी असते. पहिल्या सहा आठवड्यांत जो मिळाला नाही तो नंतर मिळवायला फार झगडावं लागतं. गुडघा वाकत नसेल तर सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान भूल देऊन तो वाकवून देण्याचा उपाय सर्जनकडे असतो. सरळ न होणाऱ्या गुडघ्याला त्या उपायाचा फायदा बराच कमी होतो.

घरी तपासायचं कसं

मऊ गादीवर झोपवून गुडघ्यामागे हात घालून बघू नका, गादी फसवते. कडक पलंगावर किंवा सोफ्याच्या लाकडी बाकावर पाय लांब करून बसवा, टाचेखाली घट्ट गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि गुडघ्याच्या उंचीवर डोळे आणून बाजूने बघा. खुब्याच्या बाजूचं हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोट्याचं बाहेरचं हाड एका रेषेत दिसायला हवीत. मोबाइलवर रोज एकाच कोनातून फोटो काढून ठेवला तर आठवड्याभरातला फरक स्पष्ट कळतो. टाके निघून जखम कोरडी झाल्यावर आणि पालथं झोपता यायला लागल्यावर दुसरी पद्धत जास्त अचूक आहे: पालथं झोपून गुडघ्याच्या वाट्यांपासून खालचे पाय पलंगाबाहेर काढायचे, सैल सोडायचे आणि दोन टाचांच्या उंचीतला फरक पट्टीने मोजायचा. १ सेंटिमीटर म्हणजे साधारण १ अंश. दुसरा गुडघा स्वतःच आखडलेला असेल तर अर्थातच ही तुलना चालत नाही.

इथेच एक फरक ओळखायला शिका. दुसऱ्याने टाच धरून उचलली की गुडघा पूर्ण सरळ होतो, पण पेशंटने स्वतः उचलला की थोडा लोंबतो, तर सांधा आखडलेला नाही. मांडीचा स्नायू कमी पडतो आहे. दुसऱ्याने उचलूनही सरळ होत नाही, तर सांधा आखडतो आहे. पहिल्याला ताकद हवी, दुसऱ्याला ताण हवा. दोन्हींना एकच व्यायाम देऊन चालत नाही.

रोज काय करायचं

टाचेखालची गुंडाळी हा पहिल्या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम, आणि तो इतका साधा आहे की लोक त्याला व्यायाम मानतच नाहीत. जाड टॉवेल घट्ट गुंडाळून १० ते १२ सेंटिमीटर जाडीचा करा आणि फक्त टाचेखाली ठेवा. पोटरी आणि गुडघ्याची मागची बाजू हवेत राहिली पाहिजे. पायाचा अंगठा छताकडे. पाय बाहेरच्या बाजूला कलंडला की गुडघा हळूच वाकतो आणि पेशंटला आपण सरळच ठेवलाय असं वाटत राहतं. म्हणून पायाच्या बाहेरच्या बाजूला एक छोटी उशी टेकवा. सुरुवातीला ५ मिनिटं, मग १० ते १५, दिवसातून चार-पाच वेळा. गुडघ्यामागे ताण जाणवायला हवा. तो तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला त्रासदायक वाटतो, नंतर थोडा सैलावतो. चहा पिताना, टीव्हीवर मालिका बघताना, फोनवर बोलताना हे होऊ शकतं.

त्याच स्थितीत मांडी आवळायची. गुडघ्याची मागची बाजू खाली दाबायची, वाटी मांडीकडे सरकली पाहिजे, ५ सेकंद धरायचं, पूर्ण सैल सोडायचं. असे १० वेळा, आणि जागेपणी दर तासा-दोन तासाला एक फेरी. वाटीच्या वर, आतल्या बाजूला दोन बोटं ठेवा. तिथला स्नायू बोटांखाली टणक झाला तरच व्यायाम झाला. बरेच पेशंट नितंब आवळतात, टाच गादीत रुतवतात किंवा श्वास धरून लालबुंद होतात, आणि मांडी मात्र ढिलीच. मोठ्याने आकडे मोजायला सांगितलं की श्वास आपोआप चालू राहतो. दोन्ही पायांनी एकदम आवळायला सांगितलं की चांगल्या पायाच्या जोडीने ऑपरेशनचा पायही साथ देतो.

मांडी चालत नाही म्हणून घरात वाद होतात. "जरा जोर लाव ना आई!" पण यात आईचा दोष नाही. सांधा सुजलेला असताना मेंदूच त्या स्नायूला जाणारा इशारा कमी करतो. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात मांडीची ताकद ऑपरेशनपूर्वीच्या निम्म्याहूनही खाली जाऊ शकते. सूज उतरली, रोज थोडं थोडं आवळत राहिलं की इशारा परत येतो. दोन आठवड्यांनंतरही बोटांखाली काही जाणवत नसेल तर मांडीला विजेची हलकी उत्तेजना देणारं यंत्र वापरायचं का, हे फिजिओथेरपिस्टला विचारा. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचा खरा उपयोग असतो.

पाय सरळ ठेवून वर उचलायचा व्यायाम प्रत्येक कागदावर छापलेला असतो. तो करायला एक अट आहे: टाच उचलताना गुडघा वाकता कामा नये. लोंबत्या गुडघ्याने वीस वेळा पाय उचलला तर लोंबण्याचाच सराव होतो. आधी मांडी आवळा, टाच हातभर नको, वीतभरच उचला, ३ सेकंद धरा, हळू खाली आणा. जमत नसेल तर आठवडाभर थांबा आणि त्याऐवजी पावडरचा मोठा डबा टॉवेलमध्ये गुंडाळून गुडघ्याखाली ठेवा, आणि मांडी डब्यावर टेकलेली ठेवून फक्त टाच उचला. वर पूर्ण सरळ करून ५ सेकंद. दहाच्या दोन-तीन फेऱ्या. झालं की डबा उचलून कपाटात. तिथेच राहिला तर तो नव्या रूपातली उशीच.

घोटा वर-खाली हलवणं तर दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून सुरू होतं. तासाला वीस-तीस वेळा, पूर्ण वर, पूर्ण खाली. पोटरीतलं रक्त ढकलत ठेवण्यासाठी ते आहे, कंटाळा आला म्हणून सोडायचं नाही.

आता वाकवण्याकडे येऊ, कारण तेही हवंच. सपाट चालायला ६५ ते ७० अंश पुरतात, जिना चढायला ८५च्या आसपास, उतरायला ९० ते १००, आणि हात न टेकता खुर्चीतून उठायला ९५ ते १०५. दोन आठवड्यांना ९०च्या जवळ आणि सहा आठवड्यांना १०५-११० हे बहुतेकांसाठी रास्त लक्ष्य. ऑपरेशनपूर्वी गुडघा किती वाकत होता यावर नंतरचं वाकणं बरंच ठरतं. जो वर्षानुवर्षं ८० अंशांवर अडकला होता त्याची तुलना दुसऱ्याशी करू नये.

पलंगावर पाय लांब करून टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवली की टाच घसरते. तळव्याला ओढणी अडकवून दोन्ही हातांनी टाच आपल्याकडे ओढायची, ताण आला की ५ ते १० सेकंद थांबायचं, दहा वेळा. याहून परिणामकारक प्रकार खुर्चीतला: पाऊल जमिनीवर घट्ट ठेवायचं, ते हलवायचं नाही, आणि बसल्या जागी कंबर खुर्चीत पुढे सरकवायची. पाऊल जागेवर आणि शरीर पुढे, त्यामुळे गुडघा वाकतो, आणि किती ताण द्यायचा ते पेशंटच्या हातात राहतं. दुसऱ्या कोणी पाय धरून जबरदस्तीने दाबणं मला अजिबात मान्य नाही. पेशंट घाबरून स्नायू आवळतो, गुडघा सुजतो आणि दुसऱ्या दिवशी कमी वाकतो. वाकवण्याची प्रत्येक फेरी संपली की शेवटची पाच मिनिटं टाचेखाली टॉवेल. वाकवून तसंच सोडून द्यायचं नाही.

पाय आपोआप वाकवणारं-सरळ करणारं मशीन महिनाभर भाड्याने आणावं का, असं बरेच जण विचारतात. बहुतेकांना त्याची गरज नाही. मशीन स्नायूकडून काही करून घेत नाही, आणि पूर्ण सरळपणा तर त्यातून मिळतच नाही. तो पैसा थेरपिस्टच्या चार जास्तीच्या भेटींवर घाला.

सूज हाच खरा हिशेब

व्यायाम जास्त झाला की कमी, हे दुखण्यावरून ठरवता येत नाही. सुरुवातीला सगळंच दुखतं. शिंप्याची टेप घ्या. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, पाय सरळ ठेवून, वाटीच्या मध्यावरून घेर मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. कालच्यापेक्षा १ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वाढला, किंवा व्यायामानंतरची ठणक दोन तासांनीही गेली नाही, तर आज फेऱ्या निम्म्या करा. बंद करू नका. बंद केलं की आखडतो, दामटलं की सुजतो, आणि सुजला की मांडी बंद पडते.

वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी दिलेल्या वेळेत घ्या आणि व्यायामाची मोठी फेरी गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने ठेवा. गोळ्या नकोत म्हणून दात-ओठ खाऊन व्यायाम करणं यात शौर्य नाही. दुखत असेल तर मांडी आवळली जात नाही. यातल्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही, तेव्हा पाणी, ताक, फळं, आणि तरी अडलं तर डॉक्टरांना सांगा.

व्यायामानंतर बर्फ. कुटलेला बर्फ पिशवीत भरून, किंवा फ्रीजरमधलं मटारचं पाकीट, मध्ये पातळ पंचा घालून, १५ ते २० मिनिटं. जखमेवरची पट्टी भिजता कामा नये. त्या वेळी पाय उंच, पोटरी आणि टाच उशांवर, पाऊल छातीच्या पातळीपेक्षा वर. इथे उशा चालतात, फक्त गुडघ्याच्या बरोब्बर खाली नाहीत. ऑपरेशनच्या कापाच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर असते, तिथे बर्फ किती लागतोय ते कळत नाही, म्हणून मधूनमधून त्वचा बघा.

शेक नको. आपल्याकडे दुखलं की शेकायचं हे हाडात भिनलेलं आहे, पण पहिल्या आठवड्यांत गरम पिशवीने सूज वाढते आणि त्या बधिर भागावर भाजण्याची भीती असते. तेलमालिशही नको. पोटरी चोळून देणारी माणसं घरी बोलावली जातात आणि तेच सगळ्यात धोक्याचं: पोटरीच्या शिरेत गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, थेरपिस्टने शिकवलेल्या पद्धतीने फक्त कापाच्या रेषेवर बोटांनी हलकं चोळणं ठीक.

वॉकर, जिना, रिक्षा

वॉकरची उंची दुकानातून येते तशीच राहते, ती बघा. पेशंट ताठ उभा, हात सैल खाली. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे, म्हणजे पकडल्यावर कोपर २० ते ३० अंश वाकतो. मूठ खाली असली की पेशंट वाकून चालतो आणि खुबा, गुडघा सगळं वाकलेलंच राहतं. खालचे रबरी बूच झिजलेले असतील तर बदला. पॉलिश केलेल्या टाइल्सवर उघडा ॲल्युमिनियमचा पाय सरळ घसरतो. पायपुसणी गुंडाळून ठेवा, बाथरूमचा उंबरठा रंगीत टेपने दिसेल असा करा, रात्री पलंगापासून संडासापर्यंत एक मंद दिवा. पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि चपला दाराबाहेरच.

आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. ऑपरेशनचा पाय टाकताना टाच आधी टेकली पाहिजे आणि टेकताना गुडघा सरळ हवा. सगळं पाऊल एकदम आपटून, गुडघा वाकलेला ठेवून चालायची सवय पहिल्याच आठवड्यात लागते आणि मग महिनोन्‌महिने जात नाही. आणखी एक लबाडी पाय आपोआप करतो: चांगला पाय पुढे जाण्याऐवजी ऑपरेशनच्या पायाशेजारीच येऊन थांबतो. त्याला मुद्दाम पावलाएवढं पुढे टाकायला लावा. चांगला पाय पुढे गेला तरच मागे राहिलेला ऑपरेशनचा पाय सरळ होतो. चालणं हाही सरळ करण्याचा व्यायाम आहे, नीट चाललं तर. काठी आली की ती विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा, तर डाव्या हातात. हे जवळजवळ प्रत्येक जण उलटं करतो.

नौपाडा, पाचपाखाडी, कोपरीतल्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही, आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमध्येही लिफ्ट कधीतरी बंद पडतेच. म्हणून जिना दवाखान्यातच शिकून या, डिस्चार्जच्या आधी. चढताना चांगला पाय आधी, मग ऑपरेशनचा. उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी, मग चांगला. "चढताना चांगला" हे दोन च लक्षात ठेवले की पुरे. जुन्या जिन्याला कठडा एकाच बाजूला असतो, म्हणजे चढताना तो ज्या हाताला असेल, उतरताना त्याच्या दुसऱ्या हाताला. कठडा एका हाताने, काठी दुसऱ्या हाताने. मदतनीस चढताना एक पायरी खाली मागे आणि उतरताना एक पायरी खाली पुढे. दोन्ही गुडघे एकदम बदलले असतील तर "चांगला पाय" नसतोच; तेव्हा ज्या पायाची मांडी जास्त आवळली जाते तो चांगला धरायचा. साधारण सहा आठवड्यांनंतर, मांडीत बळ आलं की, खालच्या एकाच पायरीवर कठडा धरून ऑपरेशनचा पाय ठेवायचा आणि त्याच्यावर अंग उचलायचं, आठ-दहा वेळा. यासाठी पूजेचा पाट पायरी म्हणून वापरू नका, तो डुगडुगतो.

तपासणीला जाताना रिक्षापेक्षा मोटार बरी: पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, पाठ थोडी कलती करून, आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत. रिक्षाच घ्यायची असेल तर सीटवर दुसरं कोणी नको. पाठ सीटकडे करून आधी टेकायचं, हातांनी आत सरकायचं आणि तिरकं बसून पाय शक्य तितका लांब ठेवायचा, कारण ९०च्या पुढे वाकवून खड्ड्यांतून अर्धा तास गेलं की संध्याकाळी घेर वाढलेला सापडतो. लोकलचा विचार दोन महिन्यांनंतर, तोही गर्दीची वेळ टाळून. स्टेशनच्या आणि त्याबाहेरच्या सॅटिस पुलाच्या पायऱ्या घरच्या जिन्यापेक्षा अवघड, कारण मागून लोंढा येतो. सरकत्या जिन्यावर तर पहिले तीन महिने जाऊच नका.

चालण्यासाठी पहिले तीन-चार आठवडे घर आणि सोसायटीचं आवार पुरतं: ५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. एकदम अर्धा तास चालण्याने काही साधत नाही. नंतर सपाट जागा शोधा. कचराळी तलावाचा आतला रस्ता किंवा सकाळी गर्दी नसताना तलावपाळी चांगली, बसायला जागा जवळ असते. येऊरचा चढ-उतार निदान तीन महिने लांब ठेवा. स्थिर सायकल पूर्ण फिरवायला १०५ ते ११० अंश लागतात. त्याआधी सीट उंच करून पायडल पुढे-मागे झुलवलं तरी उपयोग होतो.

सहा-आठ आठवड्यांनंतर एक तपासणी जरूर करा. वजनकाटा आणि त्याच्याच उंचीची रद्दीची घट्ट गठ्ठी शेजारी शेजारी ठेवा, समोर ओट्याचा आधार. ऑपरेशनचा पाय काट्यावर, दुसरा गठ्ठीवर, सरळ उभं राहायचं. काटा एकूण वजनाच्या निम्म्याच्या आसपास दाखवायला हवा. ६० किलोची बाई जेव्हा त्या पायावर २० किलोच देत असते, तेव्हा गुडघा दुखत नाही म्हणून तो बरा आहे असं समजू नये. खुर्चीतून उठतानाही तो पाय पुढे सरकवून भार चांगल्या पायावरच टाकला जातो. दोन्ही पावलं बरोबरीने ठेवून, १८-१९ इंच उंचीच्या, हात असलेल्या लाकडी खुर्चीतून, दहा वेळा उठ-बस. प्लास्टिकची खुर्ची टाइलवर मागे सरकते, ती भिंतीला टेकवूनच.

कमोड हवाच, तो बुटका असेल तर वर उंच सीट बसवून घ्या. जमिनीवर मांडी घालून जेवणं, पूजेला बसणं, उकिडवं बसून निवडणं-टिपणं याची घाई नको. काहींना पुढे मांडी घालता येतेही, पण ते सर्जनला विचारून. खोल वाकवून बसण्याने आतल्या प्लास्टिकच्या भागावर जास्त भार येतो. आरती खुर्चीवर बसून म्हटली तर बाप्पा रागावत नाहीत.

थांबायचं आणि फोन करायचा केव्हा

पोटरी एका बाजूला घट्ट, गरम, दाबलं की दुखणारी आणि सूज वाढत जाणारी झाली तर त्याच दिवशी सर्जनला कळवा. अचानक धाप, छातीत दुखणं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर वाट बघू नका, १०८ला फोन करा. रक्त पातळ ठेवणारी गोळी सांगितलेल्या दिवसांपर्यंत एकही न चुकवता. जखमेतून पाणी किंवा पू येणं, ताप, भोवतीची लाली पसरत जाणं, आधी वाकणारा गुडघा अचानक वाकेनासा होणं, पाऊल वर उचलता न येणं, हेही त्याच दिवशीचे फोन. पाऊल उचलत नसेल तर मज्जातंतूवर (नर्व्हवर) ताण आलेला असू शकतो आणि अशा वेळी गुडघा थोडा वाकवून ठेवायला सर्जन सांगू शकतात. उशीचा हा एकच खरा अपवाद. मधुमेह असेल तर साखर रोज बघा, वाढलेल्या साखरेत जखम भरत नाही.

बाकी काही गोष्टींना घाबरू नका. गुडघा दुसऱ्यापेक्षा गरम लागणं चार-सहा महिने चालतं. बाहेरच्या बाजूची बधिरता हळूहळू लहान होते, थोडी कायमही राहते. चालताना आतून टक्‌ आवाज येतो, तो धातू आणि प्लास्टिक एकमेकांना लागल्याचा.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली, आणि ऑपरेशनचा तो एक खर्च आटोक्यात आला. फिजिओथेरपीचा खर्च मात्र बहुतेक पॅकेजमध्ये नसतो आणि घरात सगळ्यात आधी तोच कापला जातो. परवडत नसेल तर रोज येणाऱ्या माणसाऐवजी आठवड्यातून दोनदा येणारा चांगला थेरपिस्ट ठेवा आणि बाकी दिवस त्याने लिहून दिलेलं घरीच करा. रोज येऊन वीस मिनिटं मशीन लावून जाणाऱ्यापेक्षा ते कधीही बरं. फिजिओथेरपीची पदवी आहे का, राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आणि पहिल्या भेटीत त्याने सरळपणा मोजला का, ते बघा. फक्त वाकणं मोजून गेला तर दुसऱ्या भेटीत तुम्हीच विचारा.

रात्रीच्या झोपेचं शेवटी लिहिते, कारण उशी परत येते ती रात्रीच. पहिले दोन-तीन महिने झोप तुटक असते, तीन वाजता गुडघा ठणकतो आणि कोणीतरी उठून "जरा बरं वाटेल" म्हणून उशी सरकवतं. त्याऐवजी झोपण्यापूर्वी बर्फ, गोळीची रात्रीची वेळ झोपेशी जुळवलेली, आणि जाग आली की घोटा हलवून दहा वेळा मांडी आवळणं. ज्यांचा गुडघा रात्रीत वाकतो त्यांना सरळ ठेवणारा लांब पट्टा पहिले दोन-तीन आठवडे फक्त रात्री, डॉक्टरांना विचारून. कुशीवर झोपायचं असेल तर ऑपरेशनचा पाय वरच्या बाजूला, आणि उशी दोन्ही पायांच्या मध्ये, मांडीपासून घोट्यापर्यंत पुरेल इतकी लांब. आखूड उशी घेतली तर पाऊल खाली लोंबतं आणि गुडघा पिळला जातो. घरातला जुना लोड यासाठी अगदी बरोबर मापाचा असतो.